ठसका तर सगळ्यांनाच

अक्का,

एकवीस दिवस झाले, घरात कोणी खोकलं नाही. सकाळी चहा ठेवला की माझा हात आपोआप थांबतो. तुझा पहिला खोकला ऐकू आला की दूध घालायचं, असा तू माझ्याकडे राहायला आल्यापासून दहा महिन्यांत माझा नेमच झाला होता. आता दूध कधी घालायचं तेच कळत नाही. चहा उकळून काळा होतो आणि आमचे हे तसाच पितात. ऑक्सिजनचं मशीन ज्याचं त्याला परत गेलं. फरशीवर त्याच्या चाकांचे चार डाग राहिलेत. ओल्या फडक्यानं पुसले तर जातील, पण मी अजून पुसलेले नाहीत.

मी दमलेय, अक्का. तू होतीस तेव्हा हे बोलायची चोरी होती. एकदा पोस्टातून घरी आल्यावर मी खुर्चीत अंग टाकून 'दमले गं बाई' म्हटलं. तुझ्या नाकात नळी होती, तरी तुझी जीभ कुठे गप्प बसणार! "तू दमनी, माले दमा शे. फरक शे वं, पोस्टमास्तरीण." मी पोस्टमास्तरीण नाही, प्रकाशा गावच्या पोस्टात खिडकीवर बसणारी साधी बाई आहे, हे तुला वीस वर्षं सांगून झालं. पण मिरची वाळवतात त्या पथारीवर तू सगळ्यांना तेच सांगून ठेवलं होतंस. मन्ही बहीण पोस्टमास्तरीण शे. मी कधी तुला भेटायला तिथे आले की देठ खुडणाऱ्या बायका बसल्या जागी सरकून मला गोणपाट द्यायच्या. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

त्या पथारीवर मीही बसले होते, दोन हंगाम. रनाळ्याहून आपण नंदुरबारला राहायला आलो ते वर्ष आणि त्याच्या पुढचं. ओल्या मिरचीचं ते लाल मैदान, ओळीनं बसलेल्या बाया, तोंडाला बांधलेली फडकी, आणि वाळलेला ढीग उलटला की उठणारी ती धूळ. मी पंधरा वर्षांची होते. माझे हात संध्याकाळपर्यंत पेटायचे. घरी आल्यावर तू मला ताकात हात बुडवून बसवायचीस आणि स्वतः मात्र तसल्याच हातांनी भाकरी टाकायचीस. तिसऱ्या हंगामाला मी पदर खोचून निघाले, तर तू दारात आडवी उभी राहिलीस. "तू दहावीना अभ्यास कर. तुन्हा वाटानी मिरची मी खुडसू." मी एकदाही नको म्हटलं नाही. मला तर सुटल्यासारखं झालं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

तुझ्या हातांची एक खोड होती. तू मला कधी तळहातानं गोंजारलं नाहीस. बोटांना मिरची लागलेली असायची, कितीही धुतली तरी जायची नाही, म्हणून तू मनगटाच्या मागच्या बाजूनं माझे डोळे पुसायचीस, केस मागे सारायचीस. पूनम झाली तेव्हा तिलाही तसंच. बाळाच्या गालावर आईचं उलटं मनगट फिरताना पाहून दवाखान्यातली नर्स हसली होती. तू म्हणालीस, "हाई आम्हना पथारीना लाड शे." हंगाम संपला की हात मोकळे व्हायचे, पण तोवर मनगटाची सवय झालेली असायची.

पहिल्या खोकल्याला आपण कोणीच भ्यालो नाही. कशाला भिऊ? आपल्या गावात मिरची वाळायला लागली की पाहुणा आधी खोकतो आणि मग रामराम करतो. शाळेत मास्तर खोकतात, देवळात पुजारी खोकतो, लग्नात वरमाई खोकते. तू हसून म्हणायचीस, "मिरचीना गावमा ऱ्हास नि खोकस नही, तो माणूसच नही." ठसका आहे, ठसका तर सगळ्यांनाच असतो. या एका शब्दाखाली आपण तुझी चार वर्षं झाकून ठेवली. हंगाम संपला तरी खोकला गेला नाही, तेव्हा आपण म्हटलं, जुना ठसका आहे. जिना चढताना तू मधेच बसायला लागलीस, तेव्हा म्हटलं, वय झालं. तुला तेव्हा पंचेचाळीस पुरी नव्हती. दुसऱ्या गावात कोणी इतकं खोकलं असतं तर घरच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं असतं.

शेजारणी तर आणखी पुढे गेल्या. सुमन चोरून बिडी ओढते म्हणाल्या. तुला बिडीच्या नुसत्या वासानं मळमळायचं. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? एवढ्या बाया एकाच धुळीत बसतात, मग हिचीच छाती का भरली, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी आपल्या सोयीचं उत्तर काढलं. खरं सांगायचं तर तो प्रश्न मलाही पडला होता.

त्याचं उत्तर सुरतेच्या डॉक्टरीणबाईंनी दिलं. आठवतं ना, आपण तिघी सकाळच्या गाडीनं गेलो होतो, तू खिडकीशी, पूनमच्या मांडीवर डबा. त्या बाई चांगल्या होत्या, कागदावर चित्र काढून सांगत होत्या. धूळ, धूर आत गेला की फुफ्फुसाला सूज येते. ती शरीरच आणतं, आत शिरलेल्या घाणीशी झगडायला. झगडा संपला की सूज आवरायला रक्तात एक प्रथिन लागतं, नाहीतर फुफ्फुस आपलं आपणच कुरतडायला लागतं. ते बनवायची कृती आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन प्रतींत येते. एक बिघडलेली असली तरी बहुतेकांचं भागतं. तुझ्या दोन्ही बिघडलेल्या निघाल्या. मी वहीत लिहून घेत होते. तू ऐकून घेतलंस आणि दोन वाक्यांत आटपलंस, "म्हंजे आग लावनारा बहुत शेतस. पानी टाकनारा कोनीच नही." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, यापुढे मी पेशंटना असंच सांगेन.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यांनी विचारलं, आईवडील नात्यातले होते का? होते. आपल्या बाबांनी मामाचीच मुलगी केली होती. मी हो म्हटलं आणि तुझा चेहरा उतरला. परतीच्या गाडीत तू नवापूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत होतीस. मग एकदम, डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तो मायबापनं नाव काबर ली ऱ्हायना?" मी म्हटलं, तो नाही अक्का, ती डॉक्टरीण. "कोनी का ऱ्हायेना. मिरची तो बी खास, मी बी खास. मन्हा रगतनी चौकशी व्हयनी. मिरचीनी चौकशी कोन करी?"

मी हसले. डबाही हसला. मला तेव्हा ती तुझी नेहमीची फिरकी वाटली. तिच्यात किती शहाणपण होतं ते मला कळायला फार उशीर लागला.

आता ती गोष्ट येते. आपण दोघींनी तीन वर्षं ती बाजूनं वळसा घालून टाळली. मी पथारीच्या शेठकडे गेले ती.

मला वाटलं होतं, शेठला समजावून सांगावं. अक्काला धुळीतून उठवा, फाटकाजवळ काट्यापाशी बसवा, पोती मोजायचं काम द्या. तो नाही म्हणाला नसता कदाचित. पण मी पडले शिकलेली. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं वहीतून वाचून दाखवलं, जन्मापासून, रक्तात, दोन्ही प्रती. त्यानं मान डोलावत ऐकलं. आणि त्याचा चेहरा कसा खुलत गेला ते मी समोर बसून पाहिलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. "म्हणजे रक्ताचंच निघालं ना, बाई? मी कधीचा सांगतोय, मिरचीनं माणूस आजारी पडत नाही. मिरचीनं तोंडाला चव येते. सुमनबाईंना म्हणावं, आता घरी बसा, तब्येत सांभाळा." असं फार मायेनं म्हणाला. मी त्याचे आभार मानून बाहेर पडले, अक्का. आभार मानून!

पुढच्या आठवड्यात तुझं काम बंद झालं. तेवढ्यावर भागलं असतं तर तू मला माफ केलं असतंस. पण त्या वर्षी ओळीतली जी बाई खोकून उठायची तिला शेठ हसत सांगायला लागला, जा, रक्त तपासून ये, सुमनसारखं असेल. बायका गप्प बसायला लागल्या. ज्या आधी फडकी मागत होत्या, ढीग उलटताना आम्हाला लांब बसवा म्हणत होत्या, त्यांनी तोंडं मिटली. कोणाला आपल्या रक्तावर ठपका हवाय? घरात लग्नाच्या मुली. तू मला बोलावून घेतलंस. ओरडली नाहीस. तेवढा दम नव्हता. "तुन्हा एक शब्दमुये बठ्ठ्या बायास्ना तोंड बंद व्हयनात," एवढंच म्हणालीस आणि भिंतीकडे वळलीस.

मी वाद घातला. वाद घालण्यात मी कधी मागे राहिलेय? मी म्हटलं, शास्त्र आहे ते, अक्का, शेठ काहीही म्हणो. ओळीत तुझ्या शेजारची रुखमाबाई तुझ्याइतकीच वर्षं बसली, ती ठणठणीत आहे, मग फरक कशाचा? रक्ताचाच ना? आणि लगेच दुसरा विषय काढला, पूनमची तपासणी करून घेऊ. तू म्हणालीस, मन्ही आंडेरनं रगत कोणी काढानं नही. मुलीचं लग्न व्हायचंय, कपाळावर शिक्का नको. आणि मग माझ्याकडे बोट. "पहिले तुन्हं दे. एकच मायना पोटनी शे ना तू?" मी म्हटलं, मला कुठे खोकला आहे?

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं की बहिणीनंही तपासून घ्यावं. मी तीन वर्षं घेतलं नाही. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. तुला शास्त्र ऐकवणारी मी, माझा दंड पुढे करायची वेळ आली की पोस्टात काम निघायचं.

दोन महिन्यांपूर्वी, तुला शेवटचं सुरतेच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा, मी तुला न सांगता रक्त दिलं. वाटलं होतं, निकाल आला की तुझ्यासमोर ठेवीन. चांगला आला असता तर काय म्हणणार होते कोण जाणे. 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' इतकी वाईट मी आहे का? असेनही. पण निकाल यायच्या आधी तू गेलीस.

शेवटची आंघोळ घालताना बायकांनी तुझा उजवा हात माझ्याकडे दिला. मी तळहात उलटून माझ्या गालाला लावला. मग डोळ्याला लावला. काही झोंबलं नाही. मिरची सोडून तीन वर्षं झाली होती, हात कधीचे मोकळे होते, तरी तू या तीन वर्षांत मला एकदाही तळहातानं शिवली नव्हतीस. सवयीनं की रागानं, ते मी विचारायला हवं होतं.

तुझे दिवस होऊन गंधमुक्ती झाली, पाहुणे पांगले. पूनम म्हणाली, नंदुरबारचं घर झाडून येते. मी म्हटलं, ये. मी पोस्टात हजर झाले. परवा दुपारी निकाल आला. जन्मभर लोकांची पत्रं हाताळली आणि माझा निकाल आला मोबाईलवर. मी खिडकीवर 'पाच मिनिटं' ची पाटी लावली आणि मागच्या खोलीत जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, बसल्या आहात ना?

माझ्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, अक्का. तुझ्यासारख्याच, अगदी तशाच. बाई म्हणाल्या, दोघी बहिणींना दोन्ही बिघडलेल्या येणं तसं कमीच, पण येतात. रक्त दिलं त्या दिवशी त्यांनी मला नळीत फुंकायला लावलं होतं. माझं फुंकणं वयाच्या मानानं ठीक आहे. धुळीत जाऊ नका, धुरात बसू नका, वर्षातून एकदा दाखवा, इतकंच. मी विचारलं, मग मी ठीक कशी? त्या म्हणाल्या, तुम्ही बसलात पोस्टात. पुढे हेही म्हणाल्या की दोघींवरून शास्त्र होत नाही, नशीब असतं, चूल असते, आणखी चार गोष्टी असतात. असतील. मला आपण दोघीच पुरे आहोत.

मी फोन ठेवला आणि तिथेच रजिस्टरच्या थप्पीवर बसून राहिले. माझ्या वाट्याची मिरची तू खुडलीस म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. तीस वर्षं मी तो आपला एक घरगुती किस्सा म्हणून सांगत आले होते.

मग पूनम आठवली. तुझ्याकडून एक बिघडलेली प्रत तिच्याकडे गेलीच असणार, तुझ्याकडे चांगली होतीच कुठे? दाजी तर कधीच गेले, पण त्यांच्याकडची चांगली असेल तर तिचं भागेल, असं बाई म्हणाल्या होत्या, फक्त धूळधुरापासून लांब ठेवा. मी फोन लावला. तिनं उचलला तेव्हा मागे बायकांचा गलबला होता. "मावशी, पथारीवर आहे. मायनी जागा खाली शे म्हने. तीन दिवस झाले बसतेय."

तुमच्या ओळीची ती रीत मला माहीत आहे. जागा आईची, ती नसली की लेकीची. परकीला बसू द्यायचं नाही. त्या बायकांनी मायेनंच बोलावलं तिला. पोरकी पोर घरात एकटी कुढत बसेल, त्यापेक्षा आपल्यात येईल. तुझं गोणपाटसुद्धा त्यांनी जपून ठेवलं होतं.

काल रजा टाकली आणि गेले. गाडीतून उतरले तेव्हापासूनच नाकात वास. पूनम तुझ्या जागेवर बसली होती, तुझ्यासारखी उजवा गुडघा उभा करून, तुझं फडकं तोंडाला बांधून. मी 'ऊठ' म्हटलं. ती म्हणाली, एवढा ढीग होऊ दे. शेठ सावलीत खुर्ची टाकून बसला होता. त्यानं हात जोडले, सुमनबाईंचं फार वाईट झालं म्हणाला, पण काय करणार, रक्तातच होतं.

मी भांडणारी बाई नाही, निदान चारचौघांत तरी. शिवाय वीस वर्षं खिडकीवर प्रमाण मराठी बोलून माझी अहिराणी गंजली आहे. तू त्यावरून किती चिडवायचीस. पण काल मी ओळीच्या तोंडाशी उभी राहिले आणि जे आलं ते बोलले. "शेठ, मी रगत तपासं. मन्हं नि अक्कानं रगत एकच शे. जे तिन्हामा व्हतं, ते मन्हामा बी शे. ती आठे बसनी, मी पोस्टमा बसनी. ती गयी, मी उभी शे." पुढे मराठीत म्हणाले, आता मिरचीची चौकशी कोण करणार ते सांगा.

शेठनं खुर्ची मागे ओढून घेतली. रुखमाबाई मात्र हातातली मिरची खाली टाकून माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं मान शेठकडे वळवली आणि तीन वर्षांत ओळीत कोणी बोललं नव्हतं ते बोलली, "ढीग उलटाना व्हई तधय आम्हले दूर बसाडा." तिच्या पलीकडची म्हणाली, हां, बसाडा. एवढंच झालं, अक्का. फार मोठं काही झालं असं समजू नकोस. आज कदाचित पुन्हा सगळं जसंच्या तसं असेल.

आणि तेवढ्यात कोणीतरी लांबचा ढीग उलटला आणि मला ठसका लागला. असा लागला की थांबेना, डोळ्यांतून पाणी. बायका ओरडल्या, "पानी पे वं माय, ठसका शे, ठसका." मी पाणी प्याले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या शब्दाची भीती वाटली. मी सवयीनं डोळ्यांकडे हात नेला, तशी पूनम धावत आली. "मावशी, डोयास्ले हात लावू नको!"

आणि तिनं माझे डोळे पुसले, अक्का. मनगटाच्या मागच्या बाजूनं.

चारच दिवस बसली होती ती. मी तिचं ते मनगट धरलं, पुन्हा ओळीकडे जाऊ दिलं नाही, आणि तसंच धरून तिला फाटकाबाहेर आणलं. तुझं गोणपाट रुखमाबाईनं गुंडाळून माझ्या हातात दिलं. बसमध्ये पूनम फणकारून म्हणाली, "मायनी जागा गयी ना आते." मी म्हटलं, गयी.

आज तिचे हात ताकात बुडवून ठेवलेत. चहा उकळतोय. दूध मी घातलंय, कोणाच्या खोकल्याची वाट न पाहता.